विचारा की! : जामीनदार असेल तरच किनारा

मागच्या अंकात मलाक्काच्या सामुद्रधुनीबद्दलच्या प्रश्नाला उत्तर देताना मी ओघात लिहून गेलो, की १९७८ साली आमच्या जहाजाला व्हिएतनामी माणसांनी भरलेली एक होडी भेटली होती. एकच ओळ होती ती. पण तिच्यावर इतकी पत्रं आली, की या महिन्याचं सदर त्यांनाच द्यावं लागतंय. हळदीच्या वायदेबाजाराबद्दल विचारणाऱ्यांनी जरा कळ काढावी.

नव्या वाचकांसाठी: मी मूळचा पाटण तालुक्यातला. १९७४ पासून एकोणीस वर्षं मालवाहू जहाजांवर रेडिओ ऑफिसर होतो. जहाजावर मला सगळे ‘मार्कोनीसाब’ म्हणत. आता सांगलीत विश्रामबागेत राहतो आणि लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देतो.

प्रश्न : माझा मुलगा गेल्या वर्षी मेलबर्नला गेला. फूट्सक्रे नावाच्या भागात राहतो. व्हिडिओ कॉलवर त्यानं बाजार दाखवला, तर निम्म्या पाट्या व्हिएतनामी भाषेत. कोथिंबीर, गवती चहा, आळूची पानं, सगळं त्यांच्याकडे मिळतं म्हणतो. एवढी माणसं तिथं गेली कशी? आपली आपण गेली, की कुठल्या सरकारनं नेली? (एक आई, तासगाव)

ताई, देशाबाहेर आपली आपण पडली आणि पुढं सरकारांनी नेली. मधल्या टप्प्यात काय झालं तीच खरी गोष्ट आहे.

आधी फूट्सक्रेचं सांगतो. तिथून जवळच मॅरिबिर्नाँगला सरकारचं ‘मिडवे’ नावाचं वसतिगृह होतं. नव्यानं आलेल्या निर्वासितांना विमानतळावरून तिथं नेत. काही महिने तिथं राहून, चार शब्द इंग्रजी शिकून माणसं बाहेर पडली, की परवडेल अशी खोली जवळपासच बघत. शहराच्या दुसऱ्या टोकाला स्प्रिंगवेलला ‘एंटरप्राइज’ नावाचं तसंच वसतिगृह होतं, तर तिथंही असाच व्हिएतनामी बाजार उभा राहिला. आपल्याकडे एसटी स्टँडच्या आसपास पेठ वाढते, तसंच.

आता मागं जाऊ. ३० एप्रिल १९७५ ला दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव उत्तरेकडच्या कम्युनिस्टांच्या हाती पडली आणि व्हिएतनामचं युद्ध संपलं. अमेरिकेशी संबंध असलेली माणसं आधी निघाली. त्या एका वर्षात अमेरिकेनं सव्वा लाखाच्या वर लोक नेले. आधी ग्वाम बेटावर तंबूत ठेवले, मग देशातल्या चार लष्करी तळांवर आणले: कॅलिफोर्नियात कॅम्प पेंडल्टन, आर्कान्सामध्ये फोर्ट शॅफी, फ्लॉरिडात एग्लिन आणि पेनसिल्व्हेनियात फोर्ट इंडियनटाउन गॅप. जेराल्ड फोर्ड अध्यक्ष होते. मे महिन्यात कायदा करून पैसे मंजूर झाले. तळावरून बाहेर पडायचं तर एखाद्या कुटुंबानं, चर्चनं किंवा संस्थेनं ‘यांची जबाबदारी आमची’ असं सांगावं लागे.

सगळ्यांना वाटलं, झालं, संपलं. पण खरी लाट पुढंच होती. नव्या सरकारनं जुन्या राजवटीतले अधिकारी, सैनिक, शिक्षक यांना ‘फेरशिक्षणाच्या’ छावण्यांत डांबलं. काहीजण तिथं दहा दहा वर्षं होते. शहरातल्या लोकांना रान मोडून शेती करायला ‘नव्या आर्थिक क्षेत्रांत’ पाठवलं. मार्च १९७८ मध्ये दक्षिणेतला खासगी व्यापार बंद केला. तो बहुतेक चिनी वंशाच्या लोकांच्या हातात होता. त्यातच चीनशी बिनसलं. मग दुकानदार, कोळी, डॉक्टर, शेतकरी, ज्याला सोनं जमवता आलं तो नदीत चालणाऱ्या होड्या घेऊन समुद्रात उतरला. चिनी वंशाचे अडीच लाखांच्या आसपास लोक चीनमध्येच गेले. चीननं त्यांना दक्षिणेकडच्या सरकारी शेतांवर वसवलं. ही गोष्ट लोक सहसा विसरतात.

होड्या लागल्या मलेशिया, थायलंड, इंडोनेशिया, फिलिपीन्स, सिंगापूर आणि हाँगकाँगला. मलेशियातलं पुलाऊ बिडाँग नावाचं बेट जेमतेम एक चौरस किलोमीटरचं. जून १९७९ मध्ये तिथं चाळीस हजारांच्या आसपास माणसं होती. आपलं तासगाव उचलून गणपती मंदिराच्या आवारात बसवल्यासारखं. त्या एका महिन्यात आग्नेय आशियाच्या किनाऱ्यांवर चोपन्न हजार लोक उतरले. हाँगकाँग सोडून बाकीच्या पाच देशांनी एकत्र जाहीर केलं की आता आमची सहनशक्ती संपली, यापुढं कुणाला घेणार नाही. होड्या दोरानं ओढून पुन्हा खोल समुद्रात सोडायला सुरुवात झालीच होती.

इथं मला सांगलीची पतसंस्था आठवते. तुमची ऐपत असो, नड असो, मॅनेजर पहिला प्रश्न विचारतो: ‘जामीनदार कोण?’ दोन सह्या असतील तर अर्ज पुढं सरकतो. मलेशियाचंही तेच म्हणणं होतं. ही माणसं आमच्याकडे कायमची राहणार असतील तर दार बंद, आणि कुणीतरी पुढं नेणार असेल तर तोवर ठेवून घेऊ. म्हणजे आत्ता बुडणाऱ्या माणसाला किनारा मिळणार की नाही, हे दहा हजार किलोमीटरवरचा एखादा देश सही करतो का यावर ठरत होतं.

ती सही झाली जिनिव्हाला, जुलै १९७९ मध्ये. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कुर्ट वाल्डहाइम यांनी बैठक बोलावली आणि पासष्ट देश आले. तोपर्यंत सगळ्यांनी मिळून सव्वा लाख लोक घेण्याचा शब्द दिला होता, तो दोन लाख साठ हजारांवर गेला. अमेरिकेत तोवर कार्टर आले होते. त्यांनी महिन्याला सात हजार घ्यायचे ते चौदा हजार केले. सह्या पडल्या आणि शेजारी देशांनी दार पुन्हा किलकिलं केलं. पुढच्या तीन वर्षांत वीसहून जास्त देशांनी मिळून सहा लाखांवर माणसं नेली. त्यात लाओस आणि कंबोडियाचेही आले.

जामीनदार म्हणावा तर कॅनडा. तिथं १९७८ पासून नवा कायदा लागू होता: कुठल्याही पाच जणांनी एकत्र येऊन अर्ज करायचा, की अमुक कुटुंबाचा एक वर्षाचा खर्च, घर, पोरांची शाळा आम्ही बघू. सरकार म्हणालं, तुम्ही लोकांनी एक आणला तर आम्ही एक आणू. अंदाज होता थोड्याफार अर्जांचा. १९८० संपेपर्यंत साठ हजार माणसं आली, आणि त्यातली निम्म्याहून जास्त लोकांच्या सहीवर आली. एरवी सरकारला पुढं जा म्हणून लोकांना ढकलावं लागतं, इथं सरकारलाच लोकांच्या मागं पळावं लागलं. १९८६ मध्ये निर्वासितांसाठीच्या कामाबद्दल दिलं जाणारं संयुक्त राष्ट्रांचं नान्सेन पदक ‘कॅनडाच्या जनतेला’ मिळालं. एखाद्या देशाच्या सबंध जनतेला ते मिळण्याची ती पहिलीच वेळ. मी कितीदा विचार करतो, आपल्याकडे पाच जण मिळून एका अनोळखी कुटुंबाच्या कागदावर सही करतील का? माझ्या सख्ख्या मेव्हण्यानं ट्रॅक्टरच्या कर्जाला सही करायला चार महिने लावले होते.

आता ऑस्ट्रेलिया. गोऱ्यांनाच घ्यायचं हे त्यांचं जुनं धोरण १९७३ मध्ये नावापुरतंही उरलं नाही. एप्रिल १९७६ मध्ये पहिली होडी थेट डार्विनला पोचली. पाच तरुण होते. शाळेच्या नकाशाच्या पुस्तकावर बेतून आले होते म्हणतात. पंतप्रधान माल्कम फ्रेझर यांच्या सरकारनं डोकं लढवलं. होड्या आपल्या दाराशी येण्यापेक्षा आपले अधिकारीच मलेशियाच्या छावण्यांत पाठवा, तिथं मुलाखती घ्या आणि निवडलेली माणसं विमानानं आणा. त्यामुळं थेट होडीनं पोचले ते दोन हजारांच्या आसपास, आणि विमानानं आले ते त्याच्या कैक पटीनं. तुमच्या मुलाला भाजी विकणाऱ्या बाईचे आईवडील बहुधा विमानानंच आलेत.

प्रश्न : विमानाचं भाडं कुणी भरलं? (एक निवृत्त लेखनिक, सातारा)

बऱ्याच जणांनी स्वतः, पण उधारीवर. स्थलांतराचं काम बघणारी एक आंतरसरकारी समिती विमानं ठरवायची. अमेरिकेला जाणारा माणूस चढण्याआधी वचनचिठ्ठीवर सही करायचा आणि नोकरी लागल्यावर महिन्याच्या हप्त्यानं फेडायचा. एका हातात छातीचा एक्स-रे, दुसऱ्या हातात कर्जाचा कागद. अमेरिकेनं नंतर फिलिपीन्समध्ये बाटान इथं मोठी छावणीच काढली. निवड झालेल्यांना तिथं सहा महिने इंग्रजी, बँकेचा चेक कसा लिहायचा, गॅसची शेगडी कशी पेटवायची असलं सगळं शिकवत.

प्रश्न : तुमच्या जहाजानं ती होडी वाचवली का? आणि समुद्रात माणूस वाचवणं हा कायदाच आहे ना, मग जहाजं पुढं निघून जायची असं का वाचायला मिळतं? (मिरजेचा एक वाचक, वय २४)

बाळा, पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’. ते कसं, ते सांगतो.

मार्मागोव्याहून लोहखनिज भरून आम्ही जपानला चाललो होतो. जून १९७८. सिंगापूर सोडून एक रात्र आणि एक दिवस झाला होता. दुपारी सव्वातीनला मी रेडिओ रूममध्ये होतो. वेळ पक्की आठवते. आमच्या घड्याळावर तीन तीन मिनिटांच्या लाल पट्ट्या असायच्या. तासाला दोनदा त्या मिनिटांत जगातल्या सगळ्या जहाजांनी बोलणं बंद ठेवून पाचशे किलोहर्ट्झवर नुसतं ऐकायचं, कुणी संकटात असेल तर कळावं म्हणून. ती शांततेची तीन मिनिटं चालू होती आणि कानात नुसती खरखर. तेवढ्यात सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, धावत वर आला, म्हणाला, ‘साब, होडी हाय.’

चाळीस फुटांची असेल. डोळे रंगवलेली नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वर ताडपत्री, आणि कुठं पाय ठेवायला जागा दिसू नये इतकी माणसं. पन्नास? साठ? मोजणार कसं. त्यांच्याकडं रेडिओ कुठला असायला, म्हणून माझ्या कानात काहीच आलं नव्हतं. एका बाईनं लहान पोर दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून धरलं होतं, नुसतं दाखवायला. आपल्याकडं जत्रेत देवाला दाखवतात तसं.

कप्तान वाईट माणूस नव्हता. त्यानं इंजिन थांबवलं. मग मला बोलावलं आणि मुंबईच्या कंपनीसाठी मजकूर लिहून दिला: अशी अशी होडी, इंजिन चालू आहे, पाणी नाही, काय करू. मोर्सच्या बटणावर तो मजकूर मी पाठवला. बॉम्बे रेडिओमार्फत उत्तर यायला पावणेदोन तास लागले. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. त्या दिवसांत जवळपास कुठल्याही कंपनीनं तेच उत्तर दिलं असतं. मजकूर सातच शब्दांचा होता. अर्थ एवढा, की पाणी आणि अन्न द्या आणि पुढे चला. तो उतरून घेतला तोही मीच.

आम्ही पाण्याची सहा पिंपं, तांदळाची चार पोती, बिस्किटं, डिझेल आणि एक नकाशा दिला. सेकंड ऑफिसरनं पेन्सिलीनं मलेशियाची दिशा आखून दिली. दोर सोडला, तेव्हा ती माणसं ओरडली नाहीत. मला वाटलं होतं ओरडतील.

आता कायद्याचं. संकटातला माणूस वाचवणं कप्तानाचं कर्तव्य आहे, तेव्हाही होतं. पण होडीचं इंजिन चालू असेल तर ती संकटात म्हणायची का? पहिली पळवाट ही. दुसरी अडचण पैशाची. माणसं वर घेतली की उतरवायची कुठं? पुढच्या बंदरातलं सरकार विचारणार, जहाजावर झेंडा कुणाचा? त्या देशानं यांना घेण्याची लेखी हमी दिली तरच उतरवू. आमचा झेंडा तिरंगा. भारत सरकार अशी हमी देत नव्हतं. मग जहाज बंदराबाहेर उभं राहणार, दिवसाचं भाडं आणि डेमरेज, म्हणजे खोळंब्याचा दंड, चढत जाणार, आणि कंपनी कप्तानाला जाब विचारणार. कायदा पुस्तकात कितीही पक्का असला, तरी माणूस उतरवायला धक्का लागतो.

एक वर्ष आधी, १९७७ मध्ये, अशाच एका होडीजवळून बरीच जहाजं निघून गेली होती. ‘युवाली’ नावाच्या इस्रायली जहाजानं त्यातली सहासष्ट माणसं घेतली. मेनाखेम बेगिन नुकतेच पंतप्रधान झाले होते. त्यांनी सगळ्यांना इस्रायलमध्ये जागा दिली. नॉर्वेत आज व्हिएतनामी लोक आहेत त्याचं मोठं कारणही तेच: नॉर्वेच्या झेंड्याची जहाजं त्या समुद्रात खूप, त्यांनी उचललं, देशानं घेतलं. आणि नोव्हेंबर १९७८ मध्ये ‘हाय हाँग’ नावाचं मोडकं मालवाहू जहाज अडीच हजार माणसं घेऊन पोर्ट क्लांगसमोर उभं राहिलं, तेव्हा मलेशियानं एकालाही उतरू दिलं नाही. जर्मनीतल्या लोअर सॅक्सनी राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी, एर्न्स्ट आल्ब्रेख्ट यांनी, हजार लोक आपल्या राज्यात घेतो म्हणून सांगितलं. कॅनडा आणि फ्रान्सही पुढं आले.

आमच्यासारख्या जहाजांसाठी वाट निघाली ती १९७९ मध्ये. आठ पाश्चिमात्य देशांनी सामाईक हमी घेतली: ज्या देशाचं जहाज आहे तो देश निर्वासित घेत नसला, तरी वाचवलेली माणसं आम्ही वाटून घेऊ, बंदरानं फक्त उतरवून घ्यावं. पुढं १९८५ मध्ये दुसरी योजना आली, तीत जहाजांच्या देशांवर भार विभागून टाकला. १९९० पर्यंत सदुसष्ट हजारांच्या आसपास माणसं अशी समुद्रातून उचलली गेली. आमची होडी एक वर्ष लवकर निघाली होती, एवढंच म्हणू शकतो. ती पोचली का, हे मला माहीत नाही. पाण्याचा हिशेब मी अनेकदा केलाय. साठ माणसांना चार दिवस पुरलं असतं.

प्रश्न : होडीनं जीव धोक्यात घालण्यापेक्षा सरकारांनी त्यांना विमानानंच का नेलं नाही? (एक गृहिणी, विटा)

नेलं की. फार लोकांना हे माहीत नसतं. मे १९७९ मध्ये संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था आणि व्हिएतनाम सरकार यांच्यात करार झाला, रीतसर परवानगीनं देश सोडण्याचा. अमेरिका आणि व्हिएतनाम एकमेकांचं तोंड बघत नव्हते, म्हणून मध्ये ही संस्था. पद्धत मात्र आपल्या तलाठी कार्यालयाला शोभेल अशी. व्हिएतनामची एक यादी, कुणाला जाऊ देणार त्याची. अमेरिकेची दुसरी यादी, कुणाला येऊ देणार त्याची. नाव दोन्हीकडं असेल तरच मुलाखत. सुरुवातीला दोन याद्यांत जुळणारी नावं अगदी थोडी निघाली, कारण एकाला जी माणसं नकोत ती दुसऱ्यालाही नको होती. वर्षं गेली. पण पुढं हळूहळू गाडी रुळावर आली. सायगावहून विमान बँकॉकला, तिथून पुढं. १९८७ मध्ये अमेरिकेनं आपल्या सैनिकांच्या व्हिएतनाममधल्या मुलांसाठी वेगळा कायदा केला. ती मुलं चेहऱ्यावरूनच ओळखू यायची आणि त्यांना गावात फार सोसावं लागलं होतं. १९८९ मध्ये छावण्यांत डांबलेल्या जुन्या अधिकाऱ्यांसाठी करार झाला. एकंदर सहा लाखांहून जास्त लोक असे कागदपत्रं घेऊन, विमानात बसून गेले. त्यांच्यावर सिनेमे निघाले नाहीत.

प्रश्न : आपण कोयनेच्या धरणग्रस्तांसाठी ‘पुनर्वसन’ म्हणतो आणि या लोकांसाठीही तोच शब्द. दोन्ही एकच का? (एक निवृत्त शिक्षक, पाटण)

गुरुजी, तुम्ही माझ्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत. माझ्या आईचं माहेर शिवसागरच्या पाण्याखाली आहे. मी नऊ-दहा वर्षांचा होतो. मामांच्या घराच्या वासे-तुळया बैलगाडीत घालताना मी पाहिलंय.

शब्द एक असला तरी फरक मोठा. मामांकडं देश होता, मत होतं, रेशनकार्ड होतं. कचेरीत जाऊन भांडायचा हक्क होता, आणि तो त्यांनी मरेपर्यंत बजावला. होडीतल्या माणसाकडं भांडायला कचेरीच नव्हती. त्याला आधी सिद्ध करावं लागे की तो कोण आहे, आणि सिद्ध करायचे कागद बहुतेकांनी समुद्रातच टाकलेले.

पण एक गोष्ट सारखी आहे. मामांना सोलापूर जिल्ह्यात जमीन दिली. भात आणि नाचणी पिकवणारा माणूस, चार महिने घराबाहेर इरलं घेतल्याशिवाय न पडणारा, त्याला ज्वारीच्या काळ्या रानात नेऊन सोडला. गावातली घरं तीन जिल्ह्यांत पांगली. भावकी एकीकडं, देव दुसरीकडं. मामा तिथं दोन वर्षं टिकले. मग मुंबईला माथाडीत गेले, कारण पाटणची निम्मी माणसं मशीद बंदरात होती. अमेरिकेनंही हेच केलं होतं. १९७५ च्या लोकांना मुद्दाम सगळ्या राज्यांत पसरवलं, एका गावावर भार नको म्हणून. ब्रिटननं तर चार चार, दहा दहा कुटुंबं लांबच्या गावांत टाकली. पाच वर्षांत ही माणसं आपली आपण उठून कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत, सॅन होजेला, टेक्ससमधल्या ह्यूस्टनला आणि इकडं लंडनला गोळा झाली. कागदावर कुणाला कुठंही ठेवा, माणूस आपल्या बोलीकडं सरकतो. वाटप करणाऱ्या साहेबांना हे मामांनीही सांगितलं असतं, पण त्यांना कुणी विचारलं नाही.

प्रश्न : भारतानं व्हिएतनामी निर्वासित का घेतले नाहीत? (एक विद्यार्थिनी, वाई)

निर्वासितांबद्दलच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारतानं सहीच केलेली नाही, आजही नाही. त्याचा अर्थ आपण माणसं घेत नाही असा नाही. १९५९ पासून तिबेटी घेतले, १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून एक कोटीच्या आसपास आले. पण ते आपल्या सीमेवर चालत आले. दूरच्या छावणीत अधिकारी पाठवून, निवडून आणण्याची पद्धत आपण कधी धरली नाही. शिवाय हनोईच्या सरकारशी आपली मैत्री. मित्राच्या घरातून पळालेल्या माणसाला पाहुणा म्हणून बोलवायचं म्हणजे अवघडच. हे माझं मत.

आपला त्या देशाशी जुना संबंध मात्र आहे. १९५४ मध्ये व्हिएतनामचे दोन भाग झाले तेव्हा लोकांना तीनशे दिवसांची मुभा होती, हव्या त्या बाजूला जायची. त्यावर देखरेख करणाऱ्या आयोगात भारत, कॅनडा आणि पोलंड हे तीन देश होते, आणि अध्यक्षपद भारताकडं. त्या वेळी आठ-नऊ लाख लोक उत्तरेतून दक्षिणेत गेले. त्यातल्या अनेकांना वीस वर्षांनी पुन्हा गाशा गुंडाळावा लागला.

आणि दुरून आलेल्यांना आपल्या भागानं आसरा दिलाच नाही असंही नाही, बरं का. कोल्हापूरजवळ वळिवडे इथं १९४३ ते १९४८ पर्यंत पाच हजारांच्या आसपास पोलिश माणसं राहत होती, बहुतेक बायका आणि मुलं. रशियानं त्यांना सैबेरियात हाकललं होतं, तिथून इराणमार्गे इकडं. तुमच्या शेजारी पाचगणीतही त्यातले काही जण हवापालटाला असत. युद्ध संपलं, पण बदललेल्या पोलंडमध्ये परत जायला बरेचजण तयार नव्हते. ब्रिटननं त्यांच्यासाठी १९४७ मध्ये खास पुनर्वसन कायदा केला आणि बरेचजण तिकडं गेले. रिकाम्या बराकींत सिंधी निर्वासित आले आणि वळिवड्याच्या छावणीचं गांधीनगर झालं. सांगलीतला माणूस लग्नाचा बस्ता बांधायला आजही गांधीनगरला जातो. साड्यांच्या दुकानात भाव करताना हे किती जणांच्या ध्यानात येतं?

प्रश्न : छावणीत पोचलेल्या प्रत्येकाला कुठला ना कुठला देश मिळाला का? (एक वकील, कराड)

नाही वकीलसाहेब. तुम्हाला आवडेल असा भाग आहे हा, कारण तो सगळा तारखांवर आहे.

दहा वर्षांनी आसरा देणारे देश थकले. येणारा माणूस छळाला भिऊन येतोय की पोटासाठी, हे विचारायला लागले. हाँगकाँगनं १६ जून १९८८ ही तारीख धरली, थायलंड-मलेशियानं १४ मार्च १९८९, बाकीच्यांनी त्याच्याच आसपासची. त्याआधी पोचलेला माणूस आपोआप निर्वासित. त्यानंतर पोचलेल्याची चौकशी, आणि चौकशीत नापास झाला तर परत व्हिएतनाम. १३ मार्चला वादळात अडकून १५ ला पोचलेल्या होडीचं काय? तेच, जे तुमच्या कोर्टात मुदतीनंतर दाखल झालेल्या अपिलाचं होतं.

हाँगकाँगच्या रेडिओवर व्हिएतनामी भाषेत रोज जाहिरात लागायची. सुरुवातीचे शब्द ‘बात दाऊ तू नाय’, म्हणजे ‘आजपासून’. ती इतकी वाजली की तिथल्या चिनी पोरांनाही पाठ झाली. मी स्वतः जहाजावरून ऐकलीय, अर्थ कळला तो नंतर. १२ डिसेंबर १९८९ ला पहाटे एक्कावन्न जणांना जबरदस्तीनं विमानात घालून हनोईला पाठवलं, आणि जगभर ओरडा झाला. बाकीचे बरेचसे खर्ची घेऊन आपण होऊन गेले. १९९६ पर्यंत छावण्या मिटत आल्या, आणि एक लाखाहून जास्त माणसं अशी परत गेली. तोवर व्हिएतनाममध्येही दुकानं पुन्हा उघडली होती आणि छळ कमी झाला होता, हे न्यायानं सांगायला हवं. फिलिपीन्समध्ये दोनेक हजार असे उरले की त्यांना ना कुणी घेईना ना ते परत जाईनात. त्यातल्या बहुतेकांना अमेरिकेनं २००५ च्या सुमारास नेलं. सोळा वर्षं वाट पाहून.

ता. क. तासगावच्या ताईंसाठी : तुमच्या मुलाला सांगा, त्या बाजारात पावाची दुकानं असतील. आधी पाव घे, दोन-चारदा जा, ओळख होऊ दे. मग कधी गल्ल्यावर म्हातारं माणूस बसलेलं असेल, तर कुठल्या साली आणि कुठल्या छावणीतून आलात, एवढं विचार. उत्तर १९७८ आणि बिडाँग असं आलं, तर आणखी एक विचार: वाटेत एका जहाजानं पाण्याची सहा पिंपं दिली होती का. पत्ता संपादकांकडं आहे.